तपासणीच्या कागदावरील शास्त्र

रामदासपेठ ही नागपूरच्या जुन्या, सुखवस्तू वस्त्यांपैकी एक असली, तरी बाहेरगावाहून येणाऱ्या माणसाच्या लेखी आज तिची ओळख दवाखान्यांची पेठ अशीच आहे. सेंट्रल बाजार रस्त्याने चालत गेले की रुग्णालये, तपासणीच्या प्रयोगशाळा आणि औषधांची दुकाने यांच्या पाट्या एकमेकींना खेटून लागलेल्या दिसतात. शेजारची धंतोली तिच्यात मिळवली, तर यवतमाळ, चंद्रपूर, गोंदियापासून थेट मध्य प्रदेशातील शिवनी-छिंदवाड्यापर्यंतचे रुग्ण आणि त्यांचे नातलग येथे रोज येत असतात. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हातात एक कागद असतो. रक्ताच्या, लघवीच्या किंवा थुंकीच्या तपासणीचा तो दाखला असतो, आणि त्यावर ‘कल्चर’, ‘सेन्सिटिव्हिटी’, ‘ग्राम निगेटिव्ह’, ‘नो ग्रोथ’, ‘आयजीएम पॉझिटिव्ह’ असे शब्द छापलेले असतात. ते वाचता येतात पण उमगत नाहीत. दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळवलेला घरचा मुलगासुद्धा तो कागद हाती घेऊन गप्प राहतो, आणि ज्या कागदावर घरातील माणसाच्या दुखण्याची सारी हकीगत नोंदलेली आहे, तोच कागद घरातल्या कोणालाही काही सांगत नाही. ही गोष्ट मला मनापासून लागते.

शब्दांची वाण आपल्याकडे कधीच नव्हती. याच नागपुरात फाळणीच्या सुमारास डॉ. रघुवीर यांची ‘सरस्वती विहार’ ही संस्था लाहोरहून येऊन स्थिरावली आणि तत्कालीन मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारच्या पाठबळाने तेथे संस्कृत धातूंपासून हजारो शास्त्रीय संज्ञा घडविल्या गेल्या. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालयाने विषयवार परिभाषा कोश सिद्ध केले. कोश कपाटात आहेत आणि त्यांतील संज्ञा पाठ्यपुस्तकांतही आहेत. तरीही विद्यार्थ्याला त्या परक्या वाटतात, याचे कारण माझ्या मते असे की प्रयोगशास्त्रातील प्रत्येक संज्ञा ही कोणीतरी प्रत्यक्ष केलेल्या एका कृतीची नोंद असते, आणि आपण विद्यार्थ्याच्या हाती नोंद देतो, कृती मात्र दाखवीत नाही. ज्या कृती दाखवायच्या त्यांपैकी कित्येक आपल्याच वर्ध्यात, आपल्याच गडचिरोलीत आणि आपल्याच मुंबईत घडलेल्या आहेत. त्यांच्याच आधाराने हे शब्द उलगडून पाहावेत, असा या लेखाचा बेत आहे.

आरंभी सूक्ष्मजीवांची जातवारी थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. ‘जंतू’ हा बोलीतला शब्द अनेकांना एकत्र कवेत घेतो, परंतु वैद्याला त्यांत भेद करावाच लागतो. जीवाणू हा एका पेशीचा स्वतंत्र जीव. त्याची लांबी साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी किंवा त्याच्या दोन-चार पट असते, आणि क्षय, विषमज्वर, पटकी, कुष्ठ, प्लेग हे रोग जीवाणूंचे. विषाणू त्याहून फार लहान. तो दुसऱ्याच्या जिवंत पेशीत शिरल्यावाचून वाढूच शकत नाही, आणि डेंग्यू, गोवर, कावीळ, इन्फ्लुएन्झा हे त्याचे पराक्रम. हिवतापाचा परजीवी आदिजीव या तिसऱ्या वर्गातला, आणि गजकर्ण उठविणारी कवके चौथ्या. हा भेद पंडिती हौसेचा नाही. प्रतिजैविक औषधे जीवाणूच्या भित्तिकेवर किंवा त्याच्या प्रथिने बनविण्याच्या यंत्रणेवर घाला घालतात. विषाणूपाशी त्यांपैकी काहीच नसल्यामुळे डेंग्यूच्या तापात प्रतिजैविकाची गोळी डेंग्यूच्या विषाणूला काडीमात्र इजा करीत नाही. तरीही दुकानातून ती गोळी मागून नेली जाते, ती केवळ जीवाणू आणि विषाणू या दोन शब्दांतले अंतर ठाऊक नसल्यामुळे.

आता ‘कल्चर’. मराठीत त्याला संवर्धन म्हणतात. रुग्णाच्या लघवीचा किंवा रक्ताचा नमुना पोषक माध्यमात मिसळून किंवा माध्यमावर पसरून तो ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे मानवी शरीराच्या उबेत ठेवतात आणि त्यात काही उगवते का, याची वाट पाहतात. पसरट काचपात्रातील माध्यम घट्ट करण्यासाठी समुद्रशैवालापासून काढलेला अगार वापरतात. तो वापरण्याची सूचना १८८१ मध्ये फॅनी हेस या गृहिणीने केली, कारण जिलेटिनचे माध्यम उष्म्याने वितळते आणि अगार वितळत नाही, हे तिला स्वयंपाकघरातील अनुभवाने ठाऊक होते. अनुकूल परिस्थितीत आतड्यातील ई. कोलाय हा जीवाणू दर वीस मिनिटांनी दुभंगून एकाचे दोन होतो. म्हणजे सात तासांत एकवीस वेळा दुप्पट होऊन एका जीवाणूचे वीस लाखांवर जीवाणू होतात, आणि उघड्या डोळ्यांना दिसेल असा ठिपका दुसऱ्या दिवशी माध्यमावर उमटतो. अशा ठिपक्याला वसाहत म्हणतात. क्षयाचा जीवाणू मात्र दुप्पट होण्यास पंधरा ते वीस तास घेतो, म्हणून त्याच्या संवर्धनाचा निकाल हाती येण्यास आठवड्यांचे आठवडे जातात. ‘दोन दिवसांत रिपोर्ट का मिळत नाही’ अशी तक्रार खिडकीवर नेहमी ऐकू येते. तिचे उत्तर प्रयोगशाळेच्या आळसात नसून त्या जीवाच्या स्वभावात आहे.

‘ग्राम’ हे तर माणसाचे नाव. डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये रंजनाची एक रीत प्रसिद्ध केली: काचपट्टीवरील जीवाणूंना जांभळा रंग द्यावा, त्यावर आयोडीन घालावे, मग मद्यार्काने धुवावे, ज्यांची भित्तिका जाड ते जांभळा रंग धरून ठेवतात, ज्यांची पातळ ते सोडतात आणि नंतर दिलेला तांबडा रंग घेतात. पहिले ग्राम-पॉझिटिव्ह, दुसरे ग्राम-निगेटिव्ह. येथे ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रोग आहे असा अर्थ मुळीच नाही, आणि हा गोंधळ मी सुशिक्षित घरांतही पाहिला आहे. ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणजे औषधाला असलेली ग्रहणशीलता. उगवलेले जीवाणू ताज्या माध्यमावर पसरून त्यावर निरनिराळ्या प्रतिजैविकांत भिजविलेल्या कागदी चकत्या ठेवतात. ज्या चकतीभोवती जीवाणूविरहित मोकळे वर्तुळ पुरेसे रुंद पडते ते औषध लागू, आणि जिला जीवाणू अगदी खेटून वाढतात त्या औषधाला त्यांचा रोध आहे असे समजावे. औषधाचा क्रम अर्धवट सोडल्याने, किंवा गरज नसता घेतल्याने, दुबळे जीवाणू मरून रोध असलेले तेवढे मागे उरतात व त्यांचीच प्रजा वाढते. कागदावरील ‘आर’ हे अक्षर म्हणजे त्या रोधाचीच नोंद होय.

परंतु माध्यमावर एक जीवाणू उगवला, म्हणून रोग त्यानेच केला असे कशावरून? या प्रश्नाची शहानिशा कशी करावी, याचे दंडक जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांच्या नावाने प्रसिद्ध आहेत. २४ मार्च १८८२ रोजी क्षयाच्या जीवाणूची घोषणा करणारे आणि १८८४ मध्ये कलकत्त्यास येऊन पटकीच्या जीवाणूचा पुरावा पक्का करणारे तेच हे कॉख. त्यांचे म्हणणे असे की, तो जीवाणू त्या रोगाच्या प्रत्येक रुग्णात सापडला पाहिजे. त्याला रुग्णाच्या शरीराबाहेर काढून त्याचे शुद्ध संवर्धन करता आले पाहिजे. त्या संवर्धनातून निरोगी प्राण्यात तो घातल्यास तोच रोग व्हावा. आणि त्या प्राण्यातून पुन्हा तोच जीवाणू मिळावा. न्यायालयात आरोपीवर गुन्हा शाबीत करण्यासाठी जशी पुराव्याची साखळी अखंड लागते, तशीच ही. एकही कडे निसटले तरी ती पूर्ण होत नाही.

आणि तरीही आपल्या वर्धा जिल्ह्याने ज्या रोगाशी सर्वांत दीर्घ झुंज दिली, त्या कुष्ठरोगाच्या बाबतीत ही साखळी दुसऱ्याच कड्यापाशी तुटते. नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्ये कुष्ठाचा जीवाणू पाहिला, म्हणजे मानवी रोगाशी जोडल्या गेलेल्या अगदी पहिल्या जीवाणूंपैकी तो एक. परंतु दीड शतक लोटले तरी कोणत्याही कृत्रिम माध्यमात तो वाढविता आलेला नाही. तो दुप्पट होण्यास बारा ते चौदा दिवस घेतो, आणि वाढतो तो केवळ जिवंत देहात. १९६० मध्ये उंदराच्या पायाच्या तळव्यात आणि १९७१ मध्ये आर्माडिलो या अमेरिकन प्राण्यात त्याची वाढ साधली, तेव्हा कोठे त्याच्यावरील औषधे पारखण्याचा मार्ग मोकळा झाला. याच संथ स्वभावामुळे त्याचा परिपाक काल, म्हणजे संसर्गापासून पहिल्या लक्षणापर्यंतचा काळ, काही वर्षांचा असतो. डाग दिसू लागेपर्यंत संसर्ग कोठून आला हे रुग्णाला स्मरतही नाही, आणि म्हणूनच शतकानुशतके लोकांनी हा रोग पूर्वजन्मीच्या पापाच्या खाती मांडला.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे १९३६ मध्ये मनोहरजी दिवाण यांनी कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्रामात कुष्ठरुग्ण परचुरे शास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. आणि १९५१ मध्ये गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन वर्ध्यास स्थापन झाल्यावर डॉ. वारदेकर यांनी सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री गावोगाव राबविली. रुग्णाला गावाबाहेर घालविण्याऐवजी त्याला घरी शोधून तेथेच औषध द्यावे, ही ती दृष्टी. आनंदवन या आपल्या कुष्ठाश्रमाच्या आरंभकाळात बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये शिकत असताना या जीवाणूच्या संवर्धनासाठी स्वतःचे शरीर प्रयोगाला देऊ केले, आणि रोग त्यांच्या शरीरात रुजला नाही. त्या धैर्यापुढे मान लवते. मात्र विद्यार्थ्याने येथे शास्त्राच्या कसोटीचाही विसर पडू देऊ नये: बहुसंख्य माणसांत या जीवाणूविरुद्ध उपजत प्रतिकारक्षमता असते, त्यामुळे एका देहात रोग न होणे यावरून जीवाणू निर्दोष ठरत नाही. एक उदाहरण म्हणजे प्रयोग नव्हे, मग ते उदाहरण कितीही थोर पुरुषाचे असो. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली बहुविध औषधोपचाराची पद्धत १९८० च्या दशकाच्या आरंभी देशात प्रथम ज्या जिल्ह्यांत आली, त्यांत वर्धा होता. एकाच औषधाला रोध करणारे जीवाणू दुसऱ्या-तिसऱ्याच्या मारातून सुटू नयेत, हा त्या पद्धतीचा पाया आहे.

नागपुरात पावसाळा सरता सरता ज्या तापाने घरोघर धास्ती पडते त्या डेंग्यूच्या कागदावर दोन निरनिराळ्या गोष्टी तपासलेल्या असतात, आणि त्यांचा भेद समजला की प्रतिकारशास्त्राचे अर्धे दार उघडते. ‘एनएस-१’ हा विषाणूचाच एक घटक, म्हणजे प्रतिजन. तो तापाच्या पहिल्या काही दिवसांत रक्तात सापडतो. ‘आयजीएम’ हे आपल्या शरीराने त्याविरुद्ध तयार केलेले प्रतिपिंड. ते साधारण पाचव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागते. म्हणून दुसऱ्या दिवशी ‘आयजीएम निगेटिव्ह’ आले, तर त्यावरून डेंग्यू नाही असा फैसला करता येत नाही. विषमज्वराच्या विडाल चाचणीतही प्रतिपिंडेच मोजली जातात, आणि ती जुन्या संसर्गामुळेही रक्तात असू शकतात. प्रत्यक्ष जीवाणू दाखविणारे रक्तसंवर्धन तिच्याहून श्रेष्ठ पुरावा होय. 

तपासणीचा कागद पाण्याचाही असतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून रामदासपेठेच्या घरांत शिरली, आणि गटाराचे व पिण्याचे पाणी यांच्यातील भिंत नाहीशी झाली. अशा वेळी पाण्यात पटकीचा, विषमज्वराचा, काविळीचा असे एकेक रोगकारक शोधीत बसणे व्यवहार्य नसते. म्हणून शास्त्र दर्शक जीव शोधते. ई. कोलाय हा माणसाच्या व जनावरांच्या आतड्यातला रहिवासी. तो पाण्यात मिळाला म्हणजे त्यात विष्ठा मिसळली आहे, आणि विष्ठेबरोबर काहीही आले असू शकते. म्हणूनच पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात तो मुळीच आढळू नये, असे भारतीय मानक सांगते. या शास्त्राचे देशातील एक मोठे केंद्र आपल्याच गावात आहे: १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था म्हणून नागपुरात उभी राहिलेली आणि १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाणारी संस्था.

आता प्रयोगाकडे वळू, आणि त्यासाठी १८९६ च्या मुंबईत जाऊ. त्या वर्षाच्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला आणि ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ सरकारच्या बोलावण्यावरून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशी जागा, एक कारकून आणि तीन चाकर, एवढ्या सरंजामावर त्यांनी तीन महिन्यांत लस सिद्ध केली. मांसरसाच्या द्रवमाध्यमावर त्यांनी तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांच्या खालून प्लेगचे जीवाणू लोंबत्या झुंबरासारखे वाढत, चंबू हलविला की गळून तळाशी बसत, आणि पुन्हा नवे लोंबू लागत. अशा रीतीने आलेले विपुल पीक सुमारे ६५ ते ७० अंशांच्या उष्णतेत तासभर ठेवून मारले, त्यात कार्बोलिक आम्ल घातले, आणि मृत जीवाणूंची लस तयार झाली. जीवाणू मेलेला असल्याने रोग करू शकत नाही, पण त्याचे प्रतिजन शाबूत असल्याने शरीर प्रतिपिंडे बनविते; लसीकरणाचे तत्त्व एवढेच. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वखुशीने लस टोचून घेतली, निम्म्यांनी नाही. अन्न तेच, कोठड्या त्याच, काम तेच. लस न घेतलेल्यांत पुढे १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाला आणि कोणी दगावले नाही. येथे लस हा एकच चल बदललेला, बाकी सारे समान, आणि न टोचलेले कैदी म्हणजे नियंत्रण गट. नियंत्रण गटाशिवाय हाफकिन फार तर इतकेच म्हणू शकले असते की लस घेतलेले बहुतेक वाचले. त्यावर कोणीही विचारले असते की, साथ ओसरल्यामुळे वाचले नसतील कशावरून? तरी या प्रयोगात एक उणीव होती, आणि ती दाखविल्याने हाफकिन लहान होत नाहीत: कोणी टोचून घ्यावे हे कैद्यांनीच ठरविले होते, त्यामुळे दोन्ही गट मुळातच सारखे होते अशी पुरती खात्री देता येत नाही. आजच्या चाचण्यांत म्हणूनच माणसांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक करतात.

या लसीने पुढे एक मोठे दुःखही पाहिले. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच कुपीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात, आणि टोचणीच्या जागी ती कुपी उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडून धड निर्जंतुक न होता पुन्हा वापरला गेला होता, अशी हकीगत पुढे आली. दोष प्रथम हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. १९०७ मध्ये, रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी जाहीरपणे बाजू घेतल्यावर, त्यांची मुक्तता झाली. निर्जंतुकीकरण हा शब्द परीक्षेत दोन गुणांसाठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने ही १९ माणसे ध्यानात ठेवावीत. हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेस १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

नियंत्रण गटाचे माझ्या मते सर्वांत शिकण्याजोगे मराठी उदाहरण मात्र गडचिरोलीचे आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात जिल्ह्यातील ३९ गावांत एक उपाययोजना केली आणि शेजारच्या ४७ गावांत ती न करता केवळ जन्म-मृत्यूंची तंतोतंत नोंद ठेवली. उपाय असा की, गावातल्याच स्त्रीला आरोग्यदूत म्हणून शिकवावे. तिने बाळंतघरी जाऊन नवजात अर्भकाचे वजन, ताप, श्वास पाहावा, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच तोंडावाटे औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन द्यावे. डॉक्टर नसलेल्या बाईने तान्ह्या मुलाला सुई टोचायची, ही कल्पना त्या काळी अनेक तज्ज्ञांना असह्य वाटणारी होती, आणि अशा वेळी मताला मत भिडवून काही निष्पन्न होत नाही. आकडेच बोलावे लागतात. १९९३ ते १९९५ या काळात दर हजार जिवंत जन्मांमागे उपाय व्हावयाच्या गावांत ६२ आणि नियंत्रण गावांत ५८ अर्भके पहिल्या महिन्यात दगावत होती. १९९७-९८ मध्ये उपायाच्या गावांत ही संख्या २५.५ वर आली, आणि नियंत्रण गावांत ५९.६ राहिली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. नियंत्रण गावे नसती, तर कोणीही म्हणाले असते की रस्ते सुधारले, पीकपाणी बरे झाले, सरकारी दवाखाने जवळ आले, म्हणून मुले वाचली. या गावांचीही वाटणी यादृच्छिक नव्हती, दोन लगतचे भाग निवडले होते. परंतु आरंभीचे आकडे जवळपास सारखे असल्यामुळे तुलनेस बळ येते. पुढे ‘आशा’ कार्यकर्तीच्या हातून देशभर घरोघरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याची जी योजना आली, तिच्या मुळाशी ही शहाऐंशी गावे आहेत.

विदर्भातील शिक्षकांना माझी विनंती आहे की, नववीच्या वर्गात ‘नियंत्रण गट’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी ६२, ५८, २५.५ आणि ५९.६ हे चार आकडे लिहावेत, कोणते आकडे कोणत्या गावांचे ते सांगू नये, आणि त्यांवरून काय ठरते व काय ठरत नाही याचा वाद मुलामुलींना तासभर मोकळेपणाने घालू द्यावा.